जठरातील रक्तस्रावी शिरा बंद करणारी बीआरटीओ प्रक्रिया: रुग्णाच्या नातेवाइकांसाठी मार्गदर्शन

सिरोसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णाला रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी शौचाला होऊ लागली, तर त्याला विनाविलंब आयसीयू आणि एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेथे प्रतिजैविक आणि टर्लिप्रेसिनसारखे औषध सुरू करतात; रक्त मात्र हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास राहील इतकेच देतात, कारण जास्त रक्त चढवल्यास आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढून रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. ‘अजून दोन बाटल्या चढवा’ असा आग्रह धरू नये.

या दाबामुळे फुगलेल्या शिरा अन्ननलिकेत असतील तर त्यांना रबर बँड लावतात, आणि जठराच्या वरच्या भागात असतील तर दुर्बिणीतून सायनोॲक्रिलेट गोंद टोचतात. तेवढ्याने भागले नाही, तर बीआरटीओचा, म्हणजे फुग्याने प्रवाह अडवून उलट दिशेने शिरा बुजवण्याच्या पद्धतीचा, विचार होतो. जपानमध्ये विकसित झालेली ही पद्धत वापरता येईल की नाही, हे कॉन्ट्रास्ट (शिरा ठळक दाखवणारे, टोचून दिलेले द्रव्य) वापरून केलेल्या सीटी स्कॅनवर ठरते. जठरातील शिरांमधून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेकडे जाणारी वाट, म्हणजे गॅस्ट्रोरीनल शंट, बहुतेक रुग्णांत असते, पण सर्वांत नाही. ती नसेल तर या मार्गाने तेथे पोहोचताच येत नाही. म्हणून अहवालात हा शंट आहे का आणि पोर्टल शिरेत गुठळी आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, त्यामुळे क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, अहवालही सोबत ठेवावा.

पोटावर छेद न घेता, जांघेतील किंवा मानेतील शिरेतून बारीक नळी शंटपर्यंत नेतात, फुगा फुगवून बाहेर जाणारा प्रवाह अडवतात आणि शिरा बुजवणारे औषध उलट दिशेने भरतात. फुगा काही तास, कधी रात्रभर, तसाच ठेवावा लागतो. फुग्याऐवजी कायमचा प्लग बसवण्याची पद्धत म्हणजे पार्टो. तिच्यात ही प्रतीक्षा टळते.

आतड्यांकडून येणारे रक्त शंट बंद झाल्यावर यकृताकडे वळते. यकृत रक्तातील अमोनिया काढून टाकते, त्यामुळे अमोनियाने होणारा मानसिक गोंधळ बहुधा कमी होतो, पण पोर्टल दाब वाढून जलोदर (पोटात पाणी साठणे) आणि अन्ननलिकेतील शिरा बळावू शकतात. टिप्स या दुसऱ्या प्रक्रियेत यकृतातून नळी बसवून पोर्टल रक्ताला थेट वाट करून देतात; तिच्यात नेमके उलट घडते: दाब उतरतो, गोंधळ वाढू शकतो. रुग्णाला आधीच मोठा जलोदर असेल, तर टिप्सबद्दल स्वतःहून विचारणे मला आवश्यक वाटते.

घरी आल्यावर दारू आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण वर्ज्य कराव्यात, रोज वजन नोंदवावे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला सीटी व एंडोस्कोपी पुन्हा करून घ्यावी.