औटला उतरा, गुशैणीला मुक्काम करा, रोलापर्यंत चाला

हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात जायचं तर मनालीच्या बसमध्ये मंडी गेलं की झोपू नका. ही सूचना पहिली, कारण आम्ही दोघी नेमक्या तिथेच झोपलो. दिल्लीच्या कश्मीरी गेटहून संध्याकाळी निघालेली गाडी औटला पोचते अगदी पहाटे, आणि बंजारचा फाटा औटच्या बोगद्याच्या अलीकडेच आहे. बोगदा चांगला तीनेक किलोमीटरचा. "अगं, अंधार संपतच नाहीये," म्हणून वहिनींनी मला हलवलं, तेव्हा आम्ही बोगद्यात होतो. मग थेट भुंतरला उतरलो, कुडकुडत चहा प्यायलो आणि लोकल बसने उलट आलो. कंडक्टरला सांगून ठेवलं होतं, पण त्यालाही झोप असतेच की. तुम्ही आपला मोबाइलचा गजर लावा.

मी साताऱ्याची. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते, त्यामुळे पायांचा प्रश्न नव्हता. मी सत्तावन्नची, वहिनी एकसष्टच्या. आम्हाला हिमालयात चालायचं होतं, पण घोळक्याने नाही. त्याआधी एकदा एका सहल कंपनीबरोबर सात दिवसांत सात ठिकाणं केली होती. त्यातलं मला फक्त गाडीच्या पुढच्या सीटचं कव्हर आठवतं. म्हणून या वेळी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान निवडलं आणि तिथेही एकच खोरं धरलं, तीर्थन नदीचं.

हे उद्यान कुल्लू जिल्ह्यात, 754 चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या चांदोलीच्या दुपटीहून मोठं. 1984 साली ठरलं, 1999 साली अंतिम अधिसूचना निघाली आणि 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. (आपलं कास, कोयना, चांदोली त्याच यादीत 2012 साली गेलं, पण फुलांच्या दिवसांत कासला रविवारी जी जत्रा भरते तिचा इथे मागमूस नाही.) गर्दी नसण्याचं कारण साधं आहे. उद्यानात गाडीरस्ता नाही, हॉटेल नाही, जीपची सफारी नाही. जायचं तर पायांनी.

औटहून बंजार आणि बंजारहून गुशैणी. बस मिळते, शेअर गाडीही मिळते, पण रात्रभराच्या प्रवासानंतर वहिनींनी सरळ टॅक्सी केली आणि मी वाद घातला नाही. पैसे बंजारलाच काढून घ्या, पुढे एटीएमचा भरवसा धरू नका. गुडघ्याचा पट्टा, रोजच्या गोळ्या, जे काही राहिलं असेल तेही बंजारच्या बाजारातच घ्या.

गुशैणीत निदान चार रात्री काढा. कोणी विचारलंच तर मी हा एकच सल्ला देईन. आपल्याला गडाची सवय असते: पहाटे निघायचं, माथा गाठायचा, टाकं, दरवाजा, बुरूज बघून संध्याकाळी घरी. इथे माथ्याच्या मागे लागलात तर खोरं हातचं जातं. पहिला दिवस काही करू नका. नदीकाठी दगडावर बसा. पाण्यात उभ्या दगडांवर शेपटी हलवणारे दोन लहान पक्षी दिसतील, एक करडा-लालसर, दुसरा पांढऱ्या टोपीचा. तिसरा एक तपकिरी, बुटका पक्षी चक्क पाण्यात बुडी मारून तळाशी चालतो. मी तो वाहून गेला समजून ओरडले होते. आणि सकाळी जी शीळ ऐकू येते, ती ऐकून सह्याद्रीतला माणूस थबकतोच. आपल्या शीळकरी कस्तुराचा हा हिमालयातला चुलतभाऊ. रंग तसाच निळा-काळा, फक्त गाणं वेगळं.

परवान्याचं काम या रिकाम्या दिवशी उरका. उद्यानाचं कार्यालय साई रोपाला आहे, बंजारहून गुशैणीला येताना वाटेतच लागतं. आधारच्या झेरॉक्स दोन-तीन जवळ ठेवा. घरगुती मुक्कामाचे यजमान बहुतेक वेळा हे काम आणि वाटाड्या, दोन्ही जमवून देतात. वाटाड्या गावातलाच घ्या आणि घासाघीस करू नका. 1999 साली उद्यान पक्कं झालं तेव्हा या गावांचे आतल्या कुरणांवरचे चराईचे आणि जडीबुटी गोळा करायचे हक्क संपले. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या घेऊन जे वर जात होते, त्यांची मुलं आता आपली सॅक वाहतात. आमचा वाटाड्या पस्तिशीचा असेल. त्याचे आजोबा कुठे तळ टाकायचे ती जागा त्याने दाखवली, पण त्यावर काही बोलला नाही. वहिनींना तो "माताजी" म्हणायचा. वहिनी मला मराठीत म्हणायच्या, "याला सांग, इतकीही म्हातारी नाही मी."

गुशैणी ते रोला ही वाट आठ-दहा किलोमीटरची. सुरुवातीला गावं, सफरचंदाच्या बागा, मग ओढ्यावरचे लाकडी साकव आणि हळूहळू दाट होत जाणारं जंगल. नदी जवळजवळ सतत कानाशी असते. चढ आहे, पण सिंहगडासारखा छातीवर येणारा नाही. आम्ही खात-पीत, थांबत सहा तास घेतले. तरुण पोरं तीन-चार तासांत जातात, खुशाल जावोत. देवदार, कैल, खनोर ही झाडांची नावं वाटाड्याकडून वदवून घ्या. खनोरचं पान हाताच्या पंजासारखं असतं, एकदा पाहिलं की विसरत नाही.

वाटेकडेची करवती पानांची, बारीक लव असलेली झुडपं मात्र ओळखायला आधी शिका. ती बिच्छू बूटी. मी आडोशाला गेले आणि नको तिथे ती लागली, याहून जास्त खुलासा करत नाही. आपल्या खाजकुयलीची खाज म्हणजे हिच्यापुढे गुदगुल्या. वाटाड्याने शेजारचंच एक रुंद पान चुरगळून दिलं, त्याने बराच उतार पडला. आडोशाला जाताना काठीने झुडूप बाजूला करावं आणि मगच बसावं.

रोलाला वनखात्याची झोपडी आहे, तंबू टाकायला सपाटीही आहे. उंची सुमारे 2100 मीटर, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. आम्ही दोन रात्री राहिलो. बहुतेक लोक एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी वर शिल्टला जातात किंवा परत फिरतात. शिल्ट जवळपास 3100 मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात हजार मीटर चढायचं आणि तेही सलग. कळसूबाई 1646 मीटर, हे लक्षात घेऊन स्वतःच ठरवा. मी गेले, वहिनी रोलालाच थांबल्या. बान आणि खरसूच्या झाडीतून वर गेलं की उघडं गवताळ माळरान लागतं आणि समोर बर्फाची रांग. मोनाल या रंगीत रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा नर एकदाच दिसला, उतारावरून खाली झेपावताना. रंग सांगायला घेतले तर दहा सांगावे लागतील. जुजुराणा मात्र दिसला नाही. देवाने सगळ्या पक्ष्यांची सुंदर पिसं वेचून तो घडवला असं तिथले लोक सांगतात, आणि तो हिमाचलचा राज्यपक्षी आहे. तो दिसेलच असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

संध्याकाळी खाली आले तर वहिनी स्वयंपाक्याकडून सिड्डू शिकत बसलेल्या. आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवायचं आणि वर मनसोक्त तूप. नदीत ट्राउट मासा आहे, इंग्रजांनी आणून सोडलेला, पण गळ टाकायचा तर वेगळा परवाना लागतो.

कधी जायचं? एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत किंवा सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिलमध्ये बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुललेला असतो, ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ. आपल्याला पावसाळी ट्रेकची हौस असते, ती इथे घरी ठेवा. जुलै 2023 च्या पुरात कुल्लूचे रस्ते आणि पूल कसे वाहून गेले ते टीव्हीवर पाहिलं असेलच.

सामानात लोकरी टोपी, दोन जोड जास्तीचे मोजे, पाऊस नसला तरी रेनकोट, टॉर्च आणि काठी. सह्याद्रीत वापरलेले, तळवा पक्का असलेले बूट रोलापर्यंत पुरतात. नवे कोरे बूट घालून जाऊ नका, वहिनींच्या टाचा सोलल्या त्या त्यामुळेच. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नक्की न्या. तिसऱ्या दिवशी राजमा-भाताबरोबर ती अमृत लागते, आणि आमचा वाटाड्या तर नुसती खात होता. प्लास्टिकची प्रत्येक पिशवी परत आणा. आम्ही एक डबा फक्त कचऱ्यासाठी ठेवला होता.

गावातल्या देवळांच्या ओट्यावर विचारल्याशिवाय चढू नका, भिंतीला हात लावू नका. कातडी पट्टा, पाकीट असेल तर तेही आधी विचारा. या खोऱ्याचा मोठा देव म्हणजे शृंगा ऋषी, दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ करणारे आपले ऋष्यशृंग. परतीच्या वाटेवर एक दिवस हाताशी असेल तर त्यांच्या परिसरातली चैहणी कोठी बघून या. लाकूड आणि दगडाचे आळीपाळीने थर रचून बांधलेला उंच बुरूज आहे. 1905 च्या कांगडा भूकंपात वरचे मजले पडले, उरलेला अजून उभा आहे. खालून शेवटचा चढ अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. तो झाला की बंजारला जेवून दुपारीच औट गाठा, दिल्लीच्या गाड्या मनालीहून संध्याकाळी भरून येतात आणि रस्त्यावर हात केला तर सहसा थांबत नाहीत. तिकीट आधी काढून चढायचं ठिकाण औट असं नोंदवून ठेवा.