कुत्र्या-मांजराचे दात पिवळे पडलेत? या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडचं कुत्रं दिवसभर तोंड उघडून धापत असतं. पुढचे सुळे पांढरेशुभ्र दिसले की मालक निर्धास्त. खराबी बसते मागे. गालाकडचा ओठ वर उचलून बघा. वरच्या सगळ्यात मोठ्या दाढेजवळ लाळेची नळी उघडते, म्हणून किटण तिथे आधी धरतं. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. एकदा दगड झाला की ब्रशने निघत नाही.

मग लोक चिमटा नाहीतर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. हे करू नका. दातावर ओरखडे पडतात, त्यात किटण आणखी लवकर बसतं, आणि खरं दुखणं हिरडीखाली तसंच राहतं. भूल न देता दात चमकवून देणाऱ्यांचंही काम वरवरचंच. जागं जनावर हिरडीखाली हत्यार घालू देईल का? तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात भूल देऊन दात साफ करायची सोय असेलच असं नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. जनावर वयस्कर असेल तर भुलीआधी रक्ततपासणी करून घ्यावी.

घरची मिश्री कुत्र्याच्या दातांना चोळणं तर सरळ विषारी. ती तंबाखूच आहे, आणि कुत्र्याला चूळ भरता येत नाही. आपल्या टूथपेस्टचंही तेच: त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतालाही इजा होऊ शकते. मीठ-सोडा, लिंबू हेही नको.

रविवारच्या मटणाची नळी कुत्र्याला टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी. 'हाडानं दात घासले जातात' हा समज काही जात नाही. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात, आणि कडक हाडाने त्या मोठ्या दाढेचाच टवका उडतो. जी वस्तू नखाने दाबल्यावर जराही दबत नाही, ती चघळायला देऊ नये.

रंग बघून उपाय ठरतो, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. हिरडीलगत पिवळा-तपकिरी थर म्हणजे किटण. एकच दात गुलाबी, जांभळट किंवा राखाडी झाला असेल तर त्याला मार लागून आत रक्त उतरलंय. असा दात बहुधा मेलेला असतो, घासून काय होणार? एक्स-रे लागतो. लहानपणापासून सगळेच दात पिवळे असतील तर पिल्लाला किंवा गाभण आईला टेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक दिलं होतं का ते आठवा. तो रंग जात नाही, पण त्रासही देत नाही. खड्डे पडलेले, खडबडीत दात पिल्लूपणी झालेल्या डिस्टेंपरने (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) होऊ शकतात. म्हणून ती लस चुकवू नका.

डोळ्याखाली अचानक सूज आली की लोक गांधीलमाशी चावली म्हणतात. बऱ्याचदा तो दाढेच्या मुळाशी झालेला पू असतो. दवाखाना गाठा.

ब्रश करायचा तर पहिल्याच दिवशी झटापट नको. कुत्र्यांसाठीची पेस्ट आधी बोटावर चाटू द्या, मग बोटाने हिरडी चोळा, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. गालाकडची बाजू रोज घासली तरी पुरे. मांजर मात्र खाताना मान वाकडी करत असेल किंवा घास टाकत असेल तर ब्रश बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच मांजरांचे दात हिरडीजवळ झिजतात आणि ते फार दुखतं.