ऑटोमॅटिक गाडीने घाट उतरताय? या चुका टाळा

'ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर' हे ट्रक-एसटीच्या ड्रायव्हरांचं सांगणं आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ऑटोमॅटिक घेतल्यावर पंचाईत होते ती इथेच. चढताना गाडी दुसऱ्यात होती की तिसऱ्यात, याचा पत्ताच नसतो. उतरताना लिव्हर 'डी'वर (ड्राइव्ह, नेहमीचा मोड), पाय ब्रेकवर, आणि पायथ्याशी आलं की चाकांपाशी जळका वास. मग 'ऑटोमॅटिकचे ब्रेकच कमजोर' असं म्हणायला आपण मोकळे. बहुतेक वेळा ब्रेक ठणठणीत असतात, चुकलेला असतो मोड.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणजे उंचीत हजार मीटरहून जास्त फरक. माणसं आणि सामान धरून गाडी १३०० किलोची असेल, तर त्या उतारात सुमारे साडेतीन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठे ना कुठे जिरवावी लागते. इंजिनने हातभार लावला नाही, तर जवळजवळ सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये साठते.

चूक पहिली: 'डी'मध्ये टाकलं की गाडी बघून घेईल

'डी' मोडचं प्रोग्रॅमिंग मायलेजसाठी केलेलं असतं. शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकायचा आणि तो शक्य तितका उशिरा सोडायचा. सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिक) गाडी ताशी ६० ला पाचव्या-सहाव्यात, जेमतेम १५०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) चालत असते. तुम्ही हलका ब्रेक दाबता, वेग ५० वर येतो, पण गिअर तिथेच. आरपीएम आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या किमान फेऱ्यांच्या) थोडं वर येईपर्यंत गिअरबॉक्स खालचा गिअर टाकत नाही. तोवर इंजिनचा रोध, म्हणजे वेग आवरणारा त्याचा अडथळा, नावापुरताच असतो.

'एस'मध्ये (स्पोर्ट मोड) तीच गाडी तोच ब्रेक दाबल्यावर वेगळी वागते. गिअर आधीपासूनच एक-दोनने खालचा असतो, आणि ब्रेक लागला की आरपीएम बऱ्यापैकी असतानाच ती आणखी एक गिअर उतरवते. बऱ्याच गाड्या त्या क्षणी इंजिनला स्वतःच हलकी रेस देतात, म्हणजे झटका बसत नाही. हा मोड शर्यतीसाठी आहे अशी समजूत असल्यामुळे कितीतरी लोक वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाहीत. घाट उतरायला तो 'डी'पेक्षा कितीतरी बरा.

नव्या गाड्यांपैकी अनेकींना उतार कळतो. ॲक्सिलरेटर दिलेला नसताना वेग वाढतोय, म्हणजे रस्ता खाली चाललाय, इतका हिशोब गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर करतो आणि दोन-तीन सेकंद सलग ब्रेक दाबला की गिअर पाडतो, म्हणजे खालचा टाकतो. पण इथे एक मेख आहे. ब्रेक अगदी नाजूकपणे, अखंड घासत ठेवला तर त्याला हा इशारा मिळतोच असं नाही. ठामपणे दाबून वेग उतरवला आणि पाय काढला, तर गिअर खाली येण्याची शक्यता जास्त. ब्रेक तापण्याच्या दृष्टीनेही हीच पद्धत योग्य.

चूक दुसरी: न्यूट्रल

पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर 'एन' टाकणारे अजूनही भेटतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडल चालू ठेवायला इंधन लागतंच. पडताळा घ्यायचा असेल तर चालवताना शेजारी बसलेल्याला तात्कालिक मायलेजचा आकडा बघायला सांगा. गिअरमध्ये उतरताना तो वरच्या टोकाला जाऊन चिकटतो.

पैशाचं सोडाच. न्यूट्रलमध्ये वेग आवरायला ब्रेकशिवाय काहीच उरत नाही. पुण्यात कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने तिथे ४०हून जास्त गाड्यांना धडक दिली.

न्यूट्रलचा एक छुपा भाऊही आहे, इको मोड. बीएमडब्ल्यूच्या इको प्रोसारख्या काही मोडमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी इंजिनला चाकांपासून आपणहून सोडवते आणि मोकळी घरंगळते. एक्स्प्रेसवेवर हे छान. घाटात 'पाय काढला तरी गाडी थांबायचं नाव घेत नाही' ही तक्रार असेल, तर आधी इको बंद करून पाहा. ब्रेकला पाय लागला की इंजिन पुन्हा जोडलं जातं, पण प्रत्येक वळणावर ही सोड-जोड कशाला?

चूक तिसरी: गिअरबॉक्स कुठला हे न बघता सल्ला ऐकणं

भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून एएमटी घरोघरी पोचली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यामुळे गिअर बदलताना साधारण सेकंदभर क्लच उघडा राहतो आणि तेवढा वेळ इंजिनचा रोध शून्य. उतारावर नेमकं वळणात शिरताना गिअर पडला की गाडी एकदम मोकळी सुटल्यासारखी वाटते, नवखा माणूस घाबरून ब्रेकवर उभा राहतो. याचा इलाज म्हणजे उतार सुरू व्हायच्या आधीच लिव्हर 'एम'कडे (मॅन्युअल) घ्या, ब्रेकने वेग कमी करा, दुसरा किंवा तिसरा गिअर लावा आणि मग उतरायला लागा. 'डी'मध्येच राहिलात तर एएमटी वळणापूर्वी पाय काढल्याबरोबर वरचा गिअर टाकून मोकळी होते. आणखी एक, अगदी कमी वेगात, आयडलच्या आसपास, एएमटी क्लच उघडून इंजिनला चाकांपासून सोडवते. तिथून पुढे सगळी भिस्त ब्रेकवर.

सीव्हीटीत गिअरच नाहीत, पट्टा आणि पुली. तिथे 'एस' किंवा 'एल' (लो) टाकला की आरपीएम चढतो आणि इंजिन ओरडायला लागतं. या आवाजाला घाबरून 'डी'वर परत येणं ही सीव्हीटीवाल्यांची सगळ्यात नेहमीची चूक. पेट्रोल इंजिनला ३५००-४००० आरपीएम म्हणजे काही छळ नाही, त्याची लाल रेघ (फेऱ्यांची कमाल मर्यादा) ६००० च्या पुढे असते, आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर त्या आवाजात इंधनही जळत नसतं. डिझेलला मात्र २५००-३००० पुरे.

ड्युअल क्लच गाडी या कामात हुशार. खालचा गिअर तिने दुसऱ्या क्लचवर आधीच जोडून ठेवलेला असतो, बदल क्षणात होतो. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये 'बी' असतो, तो लांब उतारासाठीच दिलेला आहे. रोजच्या शहरी रस्त्यावर लावून ठेवायची गरज नाही. जुन्या गाडीत लिव्हरवर ओव्हरड्राइव्हचं बटण असेल तर घाटात ते बंद करा, सगळ्यात वरचा गिअर लागणार नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: वर हॉटेलात बॅटरी १०० टक्के भरून निघालात, तर रीजनला (वेग कमी होताना वीज परत मिळवणाऱ्या यंत्रणेला) वीज साठवायला जागा नसते आणि सुरुवातीच्या वळणांवर तो जवळजवळ गायब असतो.

चूक चौथी: गिअर पाडायची वेळ चुकवणं

ताशी ८० ला गाडी सुटली आणि आता एकदम 'एल' टाकू म्हणाल, तर बहुतेक गाड्या ऐकत नाहीत. इंजिन लाल रेघेपलीकडे जाणार असेल तर कॉम्प्युटर गिअर नाकारतो, एखादी गाडी बीप देते. हे बिघाडाचं लक्षण नाही. आधी ब्रेक, मग गिअर, हाच क्रम.

पावसाळ्यात हे जास्त जपायला हवं. ओल्या, शेवाळलेल्या वळणात मध्येच स्टिअरिंगमागचं पॅडल ओढून गिअर पाडला तर पुढची चाकं घसरू शकतात, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनचा सगळा रोध त्या दोनच चाकांवर येतो. स्टिअरिंग सरळ असतानाच काय ते करून घ्या. आणि इंजिनने वेग कमी होताना मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकला नुसता पाय लावून दिवा दाखवा.

साधा क्रूझ कंट्रोल घाटात बंदच असू द्या. अनेक गाड्यांत तो फक्त ॲक्सिलरेटर सांभाळतो, ब्रेक नाही.

बिघाड की नेहमीचं वागणं?

सिग्नलला थांबता थांबता शेवटच्या क्षणी हलका धक्का बसतो, तो दुसऱ्यातून पहिल्यात येण्याचा. थोडासा असेल तर दुर्लक्ष करा. दिवसेंदिवस वाढत असेल तर गिअर ऑइल आणि इंजिन माउंटिंग तपासायला सांगा. सकाळी थंड गाडी वरचा गिअर उशिरा टाकते, तेही ठीक. पण मॅन्युअल मोडमध्ये गिअर पाडल्यावर आरपीएम चढतच नाही आणि गाडीही अजिबात आवरत नाही, असं दरवेळी होत असेल तर क्लच घसरत असू शकतो. ते घेऊन घाटात जाऊ नका.

ब्रेकची दोन लक्षणं वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. पेडल नेहमीसारखं कडक, पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड गेली. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली, आणि हे जास्त गंभीर. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० च्या आसपास. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, भले काळं दिसो वा ना दिसो. मऊ पेडल जाणवलं तर भराभर पंप करा, खालचा गिअर लावा आणि डोंगराच्या बाजूला गाडी घ्या.

थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते किंवा तडकते. अर्धा तास वाऱ्यावर राहू द्या. मागचे ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक करकचून ओढण्याऐवजी 'पी'वर ठेवा आणि चाकाला दगड लावा. मारुतीच्या एएमटीत 'पी' नसतो, तिथे गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका. मागून अंधारात दुचाकीवाले येत असतात.