जाड ब्रशचा फॉन्ट: नव्याने डिझाइन शिकणाऱ्यांसाठी

कामाला लागले त्या पहिल्या वर्षी जाड ब्रशचा फॉन्ट म्हणजे मला हुकमी एक्का वाटायचा. पोस्टर मिळमिळीत दिसलं, की लाव ब्रश. एका नाटकाच्या पोस्टरवर मी शीर्षक, तारीख, कलाकारांची नावं, सगळंच त्यात बसवलं. वरिष्ठांनी प्रिंट हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "यात ओरडतंय कोण आणि बोलतंय कोण?"

या अक्षरांचा जोर कुठून येतो, हे कळायला मला ब्रशच हातात घ्यावा लागला. तुम्हीही घ्या. फराटा ओढताना सुरुवातीला रंग दाट बसतो, पुढे तो संपत येतो, केस सुटे होतात आणि मधून कागद दिसू लागतो. हात जोरात चालला, तर हे आणखी लवकर होतं. म्हणून फॉन्ट निवडताना मी आधी बघते, की फराट्याला सुरुवात आणि शेवट आहे, की साध्या जाड अक्षराच्या कडा नुसत्या कुरतडल्या आहेत? हा दुसरा प्रकार फार बोकाळलाय.

खरी चुगली होते ती पुनरावृत्तीने. 'काका' टाइप करा. दोन्ही 'क'वर तीच चीर, त्याच जागी! चांगल्या फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातली 'कंटेक्स्चुअल अल्टरनेट्स' (शेजारची अक्षरं बघून रूप बदलणं) ही सोय चालू असेल तर ती आपोआप आलटूनपालटून येतात. नसतील तर शब्दाची आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, एक चीर हाताने बुजवा. देवनागरीत शिरोरेषेचा त्रास वेगळाच: दर अक्षरापाशी खरखरीत टोकांचा सांधा दिसतो. शीर्षक एकाच शब्दाचं असेल तर मी ती रेषा काढून टाकते आणि एका फराट्यात नव्याने ओढते.

जुनी उदाहरणं मोठी करून बघा. रॉबर्ट स्मिथ यांचा १९४२चा 'ब्रश स्क्रिप्ट' घ्या. जमाना छपाईच्या धातूच्या खिळ्यांचा, प्रत्येक अक्षर सुटं, तरी एकाची शेपटी पुढच्याला जाऊन मिळते. रोजे एक्सकोफों यांचा १९५५चा 'शॉक' त्याहून कितीतरी जाड. फ्रेंचमध्येही या नावाचा अर्थ धक्काच, आणि तो दिसतो.

वापराचं थोडक्यात: दोन-चार शब्द, मोठा आकार, शेजारी शांत, साधा फॉन्ट. लहान आकारात त्या चिरा छपाईत भरून जातात आणि अक्षर मळकट दिसतं. अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी जुळवा, कारण तिरक्या फराट्यांत मोजलेले आकडे फसवतात.

आणि अक्षरं विनाइलच्या चिकट शीटमधून कापून घ्यायची असतील, तर आधी कडांवरचे नोड (आकार ठरवणारे बिंदू) कमी करा, बारीक ठिपके पुसून टाका. मी एकदा तशीच फाइल पाठवली होती. नखाएवढे तुकडे चिमट्याने सोलता सोलता रात्र झाली.