हात कुणी तोडले?

म्युझिऑलॉजीची, म्हणजे संग्रहालयशास्त्राची, पदविका घेऊन मुंबईतल्या एका संग्रहालयात उमेदवारीला लागले, तेव्हा वाटलं होतं की पहिल्याच दिवशी हातमोजे चढवून मूर्ती हाताळायच्या. मिळालं काय, तर जुनं नोंदणी रजिस्टर आणि एक्सेल शीट. क्रमांक ताडत बसायचं. नव्याने येणाऱ्यांनो, पहिले दोन-तीन महिने असेच जातात. डोळ्यांचे थेंब जवळ ठेवा.

मग दालनातल्या एका मूर्तीची पाटी लिहायला दिली. मी लिहिलं, 'विष्णू, समभंग, वालुकाश्म, 11वे शतक'. समभंग म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभी. चूक काहीच नव्हती. पण दोन दिवस दालनात उभी राहिले, तर पाटीपाशी कुणी थांबेना. एक आजी मूर्तीपाशी थांबल्या. चपला बाजूला काढून हात जोडले आणि मला विचारलं, "हात कुणी तोडले गं देवाचे?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी ठणकावून उत्तर दिलंसुद्धा. पाटी जिथे गप्प बसते तिथे कुणीतरी बोलतंच.

त्या संध्याकाळी तेच कंटाळवाणं रजिस्टर पुन्हा उघडलं. 'विहीर खणताना सापडली, हात भग्न.' बस, एवढंच.

पाटीवर किती सांगायचं, याचा सराव करायला भायखळ्याला जा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन मोडली आणि याचे तुकडे झाले. ते इथे 1914 मध्ये जोडले. 'प्राचीन शिल्प' लिहाल की 'नेताना फुटलेला हत्ती'? मी तिथे बाकावर बसून पाच पाट्या लिहिल्या, एकही धड जमली नाही. शेजारच्या राणीच्या बागेत काळ्या घोड्यावरचा ब्रिटिश राजा सातवा एडवर्डही आहे. 1965 मध्ये त्याला फोर्टातून हलवलं, 'काळा घोडा' हे नाव मात्र तिथल्या चौकालाच चिकटून राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वाराविना.

आणि पाटी आधी मराठीत लिहा. इंग्रजीवरून उतरवलेली पाटी वाचताना जीभ अडखळते.

माझी नवी पाटी अशी सुरू होते: 'ही मूर्ती विहीर खणताना सापडली. हात तेव्हाच तुटलेले होते. कधी, कसे, याची नोंद नाही.' पाटी तपासणाऱ्या मॅडमनी त्यातला फक्त एक स्वल्पविराम काढला.