रायडिंग मोवरचा ब्रेक जाम झालाय? असा सोडवा

गवत कापायचा, बसून चालवायचा मोवर काही महिने ओलसर जागेत, त्यातही पार्किंग ब्रेक लावून उभा राहिला, की ब्रेक धरून बसतो. इंजिन सुरू होतं, बेल्ट किंचाळतो, पण गाडी जागची हलत नाही. अशा वेळी ती रेटत राहू नका, बेल्ट जळेल. आणि लगेच पाने-पक्कडही बाहेर काढू नका, कारण दोष ब्रेकचा नसेलही.

गाडी हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी) असेल, तर बहुधा मागच्या बाजूला बायपासचा, म्हणजे ते तेल मोकळं फिरू देणारा, दांडा असतो. तो मोकळा केल्याशिवाय गाडी ढकलून हलत नाही, ब्रेक कितीही ठणठणीत असो. गिअरची गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये आणा. पेडल पूर्ण दाबून सोडा आणि पार्किंग ब्रेकची खिट्टी खरंच सुटली का ते पाहा.

तरीही हलत नसेल, तर गाडी सपाट, टणक जागी असू द्या. किल्ली काढून घ्या, स्पार्क प्लगची वायर काढा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

एकच चाक का? बहुतेक मोवरमध्ये ब्रेक चाकावर नसतोच. तो ट्रान्सॲक्सलच्या (गिअर आणि मागचा ॲक्सल एकत्र असलेल्या पेटीच्या) बाजूला एका छोट्या चकतीवर असतो आणि तिथून डिफरन्शियलमार्फत (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमार्फत) दोन्ही चाकांना रोखतो. म्हणून दोन्ही चाकं उचललीत तर ब्रेक जाम असूनही एक चाक पुढे फिरतं, दुसरं उलटं, आणि सगळं मोकळं असल्याचा भास होतो. एक चाक जमिनीवर टेकलेलं असताना उचललेलं चाक फिरलं नाही, तर ब्रेक धरलाय असं समजा. हायड्रोस्टॅटिकमध्ये बायपास मोकळा करूनही चाक थोडं जड जाणारच; त्याला जाम म्हणत नाहीत.

आता नेमकं कुठे अडकलंय ते शोधू. ब्रेकच्या लिव्हरला जोडलेला रॉड सोडवा. सोडताच चाक फिरलं तर दोष पेडलच्या खिळीत किंवा रॉडमध्ये आहे. तिथला गंज घासून, तेल घालून काम संपलं. नाही फिरलं, तर दोष ब्रेकमध्येच आहे.

वाट अडवत असेल तर त्या बाजूचं चाक काढा. टोपण, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), वॉशर निघाल्यावर ॲक्सलच्या खाचेतली चौकोनी ‘की’ (चाक ॲक्सलवर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) जपून ठेवा, ती गवतात पडली की सापडत नाही. लिव्हरच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे अगदी बेताने मारा. पॅडवर (चकतीला दाबून धरणाऱ्या तुकड्यांवर) तेल गेलं तर जाम ब्रेक सुटेल, पण पुढे लागणारच नाही. थोड्या वेळाने लिव्हर हाताने मागे-पुढे हलवून पाहा.

तरीही हलत नसेल तर ब्रेकचा फोटो काढून ठेवा आणि कॅलिपरचे (पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट सोडा. कॅलिपर हळूच ओढा. आतून दोन बारीक पिना, पत्र्याची पट्टी, पॅड असं काही ना काही घरंगळतं, म्हणून खाली फडकं पसरा. त्या पिनांवर माझा पहिला संशय असतो. लिव्हर वळला की त्यांनी पॅडला पुढे ढकलायचं आणि सोडला की मागे सरकायचं. भोकात गंज धरला की त्या पुढे जातात त्या तिथेच राहतात. पॉलिश पेपरने पिना चकचकीत करा, भोकंही साफ करा आणि पिन बोटाने सहज सरकते का ते पाहा. मग उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं नुसतं बोट फिरवा, थापू नका.

चकती शाफ्टच्या दात्यांवर आत-बाहेर सरकली पाहिजे. चिकटली असेल तर सोडवा, दोन्ही बाजूंचा गंज घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पॅडवर नुसती चकाकी आली असेल तर हलकेच घासून चालतं. तेल मुरलं असेल किंवा पॅड झिजला असेल तर नवेच घाला. शाफ्टच्या सीलमधून तेल गळत असेल, तर नवे पॅडही भिजणार, आधी सील बदला.

जोडणी फोटो पाहून उलट क्रमाने करा. शेवटी ॲडजस्टिंग नट बसवा. लिव्हर मोकळा ठेवून चकती आणि पॅडमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. अनेक मॉडेलना साधारण ०.४ मिमी फट लागते, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. नटात स्प्लिट पिन असेल तर नवी लावा.

सगळं बसवून गाडी खाली उतरवा. बायपास मोकळा ठेवून किंवा न्यूट्रलमध्ये ढकला, सहज सरकली पाहिजे. मग पार्किंग ब्रेक लावून ढकला. मागची चाकं फिरता कामा नयेत. बायपास पूर्ववत करा, प्लगची वायर जोडा आणि पाती बंद ठेवून सपाटीवर कमी वेगात दोन-चारदा थांबवून पाहा. उतारावर नेण्याची घाई नको.

पुढच्या वेळी गाडी लांब मुदतीसाठी ठेवताना सपाट, कोरडी जागा निवडा, पार्किंग ब्रेक सोडा आणि चाकांना ठोकळे लावा.