चार्टचे रंग एजंटच्या हवाली करू नका

एआय एजंटला (आपल्या सांगण्यावरून स्वतः टूल्स वापरून काम करणाऱ्या एआयला) ‘पावसाचा चार्ट काढ, रंग जरा सौम्य ठेव’ एवढंच सांगितलं, तरी चार्ट मिळतो. पुढच्या महिन्यात तेच वाक्य दिलं की रंग वेगळेच. सौम्य म्हणजे नेमकं काय, हे तो दर खेपेला नव्याने ठरवतो. म्हणून रंगाचं वर्णन करू नका, त्याचा नेमका कोड, म्हणजे आकड्यांत लिहिलेला रंग, द्या.

एजंट स्वतः रंग भरत नाही. तो चार्टच्या टूलला जेसन (फील्डचं नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) पाठवतो: चार्टचा प्रकार, आकडे, शीर्षक आणि रंगांची यादी. या यादीच्या फील्डचं नाव प्रत्येक टूलमध्ये वेगळं असतं. कुठे ‘पॅलेट’, कुठे ‘कलर्स’, कुठे ते ‘स्टाइल’च्या पोटात दडलेलं. नाव चुकलं तर बरीच टूल्स एरर न देता ते फील्ड गाळून टाकतात. चार्ट डिफॉल्ट रंगांत येतो आणि एजंट बिनदिक्कत म्हणतो, ‘तुमचे रंग लावले.’ त्यामुळे आधी टूलचा स्कीमा, म्हणजे ते कोणती फील्ड्स घेतं त्याची यादी, दाखवायला सांगा, आणि चार्ट आल्यावर प्रत्यक्ष पाठवलेलं जेसन मागा. थीम (रंगरूपाचा तयार संच) आणि पॅलेट दोन्ही पाठवले असतील तर कोण कोणावर मात करतं, तेही एकदा तपासून ठेवा.

रंग कोणते घ्यायचे? सुरुवातीला ओकाबे-इतो हा आठ रंगांचा तयार संच पुरेसा आहे. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांचा विचार करूनच तो केलेला आहे. पण त्यातले आठही रंग पांढऱ्यावर चालत नाहीत. वेब सुलभतेच्या नियमांनुसार आलेखातल्या आकृतीचा पार्श्वभूमीशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा. पिवळा (लाल २४०, हिरवा २२८, निळा ६६) जेमतेम १.३ वर अडकतो, नारिंगी आणि आकाशीही सव्वादोनच्या आसपासच. काळा सोडला तर उरतात चार: निळा (०, ११४, १७८), शेंदरी (२१३, ९४, ०), हिरवा (०, १५८, ११५) आणि जांभळट गुलाबी (२०४, १२१, १६७). टूल बहुधा हेक्स (हेच तीन आकडे सोळाच्या पद्धतीत लिहिलेला कोड) मागतं; निळ्याचा हेक्स म्हणजे हॅशपुढे शून्य-शून्य-सात-दोन-बी-दोन. गडद पार्श्वभूमीवर मात्र गाळलेले तीन रंगच जास्त उठून दिसतात. आणि एक मेख: यातले शेंदरी, हिरवा व गुलाबी काळ्या-पांढऱ्या छपाईत जवळपास एकच राखाडी होतात. प्रिंट काढायची असेल तर रेषा तुटक-ठिपक्यांच्या करा किंवा नावं थेट रेषेच्या टोकाशी लिहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रमाचा. पॅलेट म्हणजे नुसती रांग. पहिल्या मालिकेला (चार्टमधल्या एका रेषेच्या किंवा स्तंभांच्या आकड्यांना) पहिला रंग, दुसरीला दुसरा. हवामान खात्याचे चार उपविभाग घ्या: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. एजंटला आकडे उतरत्या क्रमाने लावायची भारी हौस. एका महिन्यात विदर्भ दुसरा येतो, दुसऱ्या महिन्यात मध्य महाराष्ट्र. लगेच दोघांचे रंग अदलाबदल. शेजारी ठेवलेले दोन चार्ट मग सरळ चुकीचं सांगतात, आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. ‘विदर्भ: शेंदरी’ अशी नाव-रंग जोड, हेक्ससकट, एजंटच्या कायमच्या सूचनांत लिहा आणि पॅलेटची रांग त्या जोडीवरून, आकडे ज्या क्रमाने जातील त्याच क्रमाने लावायला सांगा.

रंग कमी आणि मालिका जास्त असतील तर बहुतेक टूल्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधल्या चार्ट काढायच्या लायब्ररीत) डिफॉल्ट दहा रंग. अकरावी रेषा पहिलीसारखीच. पाई चार्टमध्ये बारीक तुकडे ‘इतर’मध्ये घाला, रंग वाढवू नका.

कमी-जास्त दाखवणाऱ्या नकाशाला हा संच चालत नाही. तिथे गडदाकडून फिकटाकडे एकाच दिशेने बदलत जाणारी पट्टी हवी, उदाहरणार्थ विरिडिस. २०१७ सालच्या २.० आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबने इंद्रधनुषी ‘जेट’ काढून तीच डिफॉल्ट केली. सरासरीपासूनची तूट-वाढ दाखवायची तर दुहेरी पट्टी, मधोमध पांढरा. इथे पट्टीच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा स्वतः द्या. समजा, जिल्ह्यांचे आकडे उणे ६० ते अधिक २० टक्के आहेत आणि एजंटने तेवढ्याच मर्यादा लावल्या, तर पांढरा रंग उणे २० वर बसतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत उणे २० पासून तूट सुरू होते. म्हणजे तुटीतला जिल्हा नकाशावर ठणठणीत दिसणार! मर्यादा उणे ६० ते अधिक ६० ठेवली की शून्य आपसूक पांढऱ्यावर येतं.

शेवटी प्रतिमा पीएनजीमध्ये घ्या आणि रंग उचलायच्या टूलने स्तंभाच्या मध्यावर तपासा. कडेला रंग मिसळलेले असतात, जेपेगमध्ये तर सगळीकडेच थोडे सरकतात. मध्यावरही फिकट आकडा आला तर बहुतेक वेळा अपारदर्शकता (१ म्हणजे पूर्ण भरीव रंग) १ पेक्षा कमी ठेवलेली असते. एरिया चार्टमध्ये हे हमखास होतं.